ऐकणाऱ्यांनी शिकलेली भाषा

यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, हे आम्ही हातवाऱ्यांनीच सांगत आलो. पण या झाल्या पाच-पन्नास खुणा. त्यांनी काम भागते. वाद घालता येत नाही, गोष्ट सांगता येत नाही. ज्या भाषेत हे सारे साधते, अशी खुणांची पुरी भाषा एका गावाने पिढ्यान् पिढ्या वापरली, त्याची हकीकत सांगतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगत मार्थाज व्हिन्यर्ड हे बेट आहे. सतराव्या शतकात तेथे वसलेल्या काही कुटुंबांचे मूळ इंग्लंडमधील केंट परगण्यात होते. त्यांच्या वंशात जन्मजात बहिरेपण होते. दळणवळण थोडे आणि सोयरिकी आपसांत, त्यामुळे ते पसरले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सरासरी ५,७२८ माणसांत एक जन्मतः बहिरा असे. या बेटावर १५५ मध्ये एक आणि बेटावरील चिलमार्क गावात २५ मध्ये एक.

हे बहिरेपण आई आणि बाप या दोघांकडून वारशाने आले तरच प्रकट होते. म्हणून दोघेही ऐकते असले तरी मूल बहिरे जन्मे. पुढचा पाळणा कोणाच्या घरी काय आणील, हे सांगता येत नसे. मग ‘ते त्यांचे दुखणे’ म्हणून कोण बाजूला होणार? ऐकती मुलेही बोलण्याबरोबर खुणा शिकत. कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीशी खुणांनी बोलत. गावसभेत ऐकणारे लोक बहिऱ्यांना भाषणे खुणांनी सांगत. बहिरे लोक शेती-मासेमारी करीत, ऐकणाऱ्यांशी लग्ने करीत, गावची पदेही सांभाळीत. नोरा एलन ग्रोस या संशोधिकेने वृद्धांच्या आठवणी गोळा करून १९८५ साली पुस्तक लिहिले. अमका पट्टीचा कोळी होता, हे त्या वृद्धांना आधी आठवे. तो बहिरा होता, हे मागाहून.

१८१७ मध्ये हार्टफर्डला बहिऱ्यांची शाळा निघाली. बेटावरची मुले तेथे जाऊ लागली, बाहेर लग्ने होऊ लागली, बहिरेपण ओसरले. त्या वंशातील शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ साली वारली आणि गावाची भाषाही सरली. बाली बेटावरील बेंगकला गावात मात्र अशीच एक भाषा, काता कोलोक, आजही बहिरे आणि ऐकते मिळून बोलतात.

आता माझी चूक सांगतो. बोनसच्या तडजोडीवर आमची सभा होती. मी तासभर बोललो. आमचा एक बहिरा साथी शेवटच्या रांगेत बसला होता. ठरावाला हात वर झाले, तेव्हा इतरांकडे पाहून त्यानेही हात वर केला, आणि मी तो मोजला.

ते मत त्याचे होते काय? चिलमार्कच्या सभेत हा प्रश्न पडला नसता. तेथे खुणा शिकण्याचा भार एकट्या बहिऱ्यावर नव्हता, साऱ्या गावाने तो वाटून घेतला होता. भारतीय सांकेतिक भाषेचा कोश आता उपलब्ध आहे. मी शिकायला बसलो आहे. बोटे वळत नाहीत, पण पुढच्या ठरावाआधी त्या साथीला निदान विचारता आले पाहिजे.