प्रकाशाने प्रकाशाला अडवायचे कसे?

दोन टॉर्चचे झोत एकमेकांतून आरपार जातात. कोणीच कोणाची दखल घेत नाही. दूरसंचाराला हा गुण सोयीचा, गणनेला अडचणीचा. संगणकाचे सारे काम एका संकेताने दुसऱ्याला रोखण्या-सोडण्यावर चालते. प्रकाशाकडून ते करवून घ्यायला मध्यस्थ लागतो, आणि ते काम अर्धवाहक करू शकतात.

मंद प्रकाशात सिलिकॉनचा अपवर्तनांक ठरलेला असतो. तीव्रता खूप वाढली की तो किंचित बदलतो. हा केर परिणाम, अरेषीय परिणामांपैकी, म्हणजे प्रकाशाची तीव्रता बदलली की पदार्थाचे वागणेच बदलते अशांपैकी, एक. दुसरा जास्त मजेदार आहे. 1550 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशातील एका फोटॉनची ऊर्जा 0.8 इलेक्ट्रॉनव्होल्ट, तर सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला 1.12 लागते. एकट्या फोटॉनला जमत नाही. दोन एकदम शोषले गेले तर जमते. असे मोकळे झालेले इलेक्ट्रॉनही अपवर्तनांक बदलतात.

2004 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील मिकाल लिप्सन यांच्या गटाने नेमका याचाच उपयोग केला. 10 मायक्रोमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या कड्यात ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश फेऱ्या मारत साठतो, त्यामुळे थोडक्या ऊर्जेतही परिणाम जाणवतो. एका स्पंदाने ही तरंगलांबी सरकते आणि दुसऱ्या झोताची वाट उघडते किंवा मिटते. झाला प्रकाशाचा स्विच!

मात्र मोकळे इलेक्ट्रॉन विरायला शेकडो पिकोसेकंद लागतात. केर परिणाम जवळजवळ तत्क्षणी घडतो, पण दुबळा. म्हणूनच निव्वळ प्रकाशावर चालणारा संगणक इतक्यात येईल असे मला वाटत नाही. न्यूरल नेटवर्कसाठीच्या प्रकाशीय चिपांतही प्रकाश बहुधा गुणाकार-बेरजाच करतो. अरेषीय पायरी इलेक्ट्रॉनिक्सकडे सोपवलेली असते.