पिकलबॉल : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवा खेळ एखाद्या मुलखात येतो तेव्हा त्याच्या नियमांच्या पुस्तकाआधी त्याच्याविषयीच्या समजुतीच तेथे येऊन पोहोचतात. आणि ज्यांनी बॅडमिंटन, टेनिस किंवा टेबल टेनिस यांपैकी एखादा खेळ वर्षानुवर्षे मन लावून खेळला आहे, अशांच्या हाती नवे पॅडल आले म्हणजे त्या समजुतींना जुन्या सवयींचेही पाठबळ मिळते. पिकलबॉलची गोष्ट हीच आहे. नांदेड-लातूरकडची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबई-पुण्यास जातात, सुट्टीत येताना दोन पॅडल आणि छिद्रांचे चेंडू घेऊन येतात, आणि ज्या डॉक्टर, वकील, प्राध्यापक मंडळींचा पहाटेचा बॅडमिंटनचा नेम कधी चुकला नाही, ती मंडळी या नव्या खेळात उतरताच एकमेकांना जे प्रश्न विचारू लागतात, त्यांतले बहुतेक प्रश्न जुन्या खेळाचा कायदा नव्या खेळास लावल्यामुळे उद्भवलेले असतात.

सर्वांत मोठा घोळ किचनविषयी आहे. जाळीच्या दोन्ही अंगांना सात-सात फुटांचा जो पट्टा आखलेला असतो, त्यात पाय ठेवणेच निषिद्ध आहे, हा समज इतका दृढ झाला आहे की, चेंडू जाळीशेजारी अलगद पडला तरी चांगले चांगले खेळाडू रेषेबाहेर उभे राहून, कमरेत वाकून, हात लांबवून तो गाठण्याची पराकाष्ठा करतात आणि बहुधा गुण गमावतात. वस्तुस्थिती अशी की, किचनमध्ये जाण्याची, तेथे उभे राहण्याची, वाटेल तितका वेळ थांबण्याची प्रत्येकास मुभा आहे. मनाई आहे ती तेथे उभे राहून, टप्पा पडण्यापूर्वी, चेंडू हवेतल्या हवेत मारण्याची, म्हणजे व्हॉलीची. टप्पा पडलेला चेंडू आत जाऊन खुशाल मारावा. मात्र या मनाईची हद्द लोक समजतात त्याहून कडक आहे. पट्ट्याची रेषा ही पट्ट्याचाच भाग मानली जाते, म्हणून बुटाचे टोक रेषेला नुसते टेकले तरी व्हॉली बाद ठरते. एकदा आत गेलेल्या खेळाडूस दोन्ही पाय बाहेर टेकविल्याखेरीज पुन्हा व्हॉली मारता येत नाही. आणि आतून उडी घेऊन अधांतरी असताना चेंडू मारला तरी तो दोषच होय.

याहून सूक्ष्म मुद्दा झोकाचा आहे आणि वाद बहुतेक त्यावरच पेटतात. समजा, एक गृहस्थ रेषेच्या वीतभर मागे उभे आहेत, समोरून खांद्याच्या उंचीवर चेंडू येतो, ते तो जोराने खाली मारतात, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायाशी आपटून दूर निघून जातो, सोबती शाबासकी देतात, आणि तेवढ्यात त्या फटक्याच्या भराने गृहस्थांचा तोल पुढे जाऊन उजवा पाय आत पडतो. बॅडमिंटनमध्ये उभे आयुष्य घालविलेल्या माणसाला येथे गुण आपलाच वाटणे अगदी स्वाभाविक आहे, कारण शटल जमिनीला टेकले की तेथे खेळ संपतो. पिकलबॉलमध्ये तो गुण गेला. व्हॉलीनंतर शरीर स्वतःच्या झोकाने किचनमध्ये गेले, टोपी किंवा पॅडल हातून निसटून तेथे पडले, तर चेंडू केव्हाच मृत झालेला असला तरी दोष लागतो. मात्र किचनवरचे आकाश मोकळे आहे: पाय बाहेर रोवून पॅडल आतल्या भागावर लांबविण्यास कोणतीही हरकत नाही. किचनमधल्या व्हॉलीच्या या एका मनाईत खेळाचा सगळा स्वभाव सामावलेला आहे, असे माझे मत आहे. जाळीजवळ येऊन स्मॅश मारण्याचा बलवान खेळाडूचा जन्मसिद्ध वाटणारा अधिकार येथे काढून घेतला आहे, आणि म्हणूनच साठीतले काका आणि अभियांत्रिकीचा विद्यार्थी एकाच कोर्टावर बरोबरीने उभे राहू शकतात.

सर्व्हच्या बाबतीतही बॅडमिंटनची सवय आड येते. सर्व्ह तिरप्या चौकटीत करावयाची असते. हवेतून मारावयाची तर हात खालून वर जाणारा असावा, चेंडूला स्पर्श कमरेच्या खाली व्हावा आणि त्या क्षणी पॅडलचे डोके मनगटाच्या वर नसावे. ज्यांना हे तिहेरी बंधन जड जाते, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे: चेंडू हातातून नुसता सोडून द्यावा, खाली न आपटता वा वर न उडविता, आणि टप्पा पडल्यावर मारावा; मग त्या तीन अटी लागू होत नाहीत. नवशिक्यांना मी हाच मार्ग सुचवीन. सर्व्ह जाळीला लागून योग्य चौकटीत पडली तर ती पुन्हा घ्यावी, असे टेनिसच्या अनुभवावरून अनेकजण अजूनही सांगतात. परंतु अमेरिकेच्या नियमावलीने 2021 पासून ती सवलत काढून टाकली असून खेळ तसाच चालू राहतो. सर्व्ह किचनच्या रेषेवर पडली तर मात्र ती बाद. इतर कोणत्याही रेषेवर पडलेली ग्राह्य.

सर्व्ह समोरच्याने टप्पा पडू देऊनच परतवावी आणि तो परतलेला चेंडू सर्व्ह करणाऱ्या बाजूनेही टप्पा पडू देऊनच घ्यावा, हा दोन टप्प्यांचा नियम सर्वांना तोंडपाठ असतो, पण त्याचा अर्थ फार थोड्यांच्या लक्षात आलेला असतो. सर्व्ह करून जाळीकडे धावत सुटणारा खेळाडू परतलेला चेंडू पायाशी पडताना पाहतो आणि गोंधळतो. त्याने तिसरा फटका होईपर्यंत मागच्या रेषेजवळच थांबावे, पुढे सरकण्याचा लाभ त्या वेळी परतविणाऱ्या बाजूचा असतो. गुणांच्या घोषणेत तीन आकडे का, हा प्रश्नही असाच नेहमीचा. पहिला आपला गुण, दुसरा प्रतिपक्षाचा, तिसरा आपल्या जोडीतला सर्व्ह करणारा पहिला की दुसरा. आणि डाव ‘शून्य-शून्य-दोन’ने सुरू होतो, कारण आरंभी सर्व्ह मिळणे हाच एक फायदा असल्याने त्या जोडीला पहिल्या पाळीत एकाच खेळाडूची सर्व्ह दिली जाते. प्रचलित पद्धतीत गुण फक्त सर्व्ह करणाऱ्या बाजूला मिळतो. अकरा गुणांचा डाव, आणि विजय दोन गुणांच्या फरकाने.

पंच नसलेल्या हौशी खेळात खरी कसोटी रेषेच्या निकालाची असते. आपल्या बाजूला पडलेल्या चेंडूचा निकाल आपणच द्यावयाचा, आणि संशय आला तर त्याचा फायदा प्रतिपक्षाला द्यावयाचा, असा येथे दस्तूर आहे. तो नीट न समजल्यामुळे कित्येक सकाळी तंट्यात जातात. ‘सर, मला नीट दिसला नाही, पण बाहेरच असावा,’ असे कोणी म्हणाले की निकाल झालाच: ज्याला नीट दिसले नाही त्याने चेंडू आत धरावा. दोघा सोबत्यांचे मत भिन्न झाले तरी तो आतच. बाकावर बसलेल्या मंडळींची साक्ष काढण्याची आपल्याकडे फार हौस आहे. नियमांना ती मान्य नाही. टप्पा पडण्यापूर्वी कोणी ‘आउट’ म्हणून ओरडले तर तो निकाल नव्हे, सोबत्याला केलेली सूचना आहे, म्हणून खेळ थांबवू नये. टप्प्यानंतर दिलेली हाक तेवढी निकाल होय. आणखी एक बाब. टेनिसचा चेंडू जमिनीवर आपटताना चपटा होऊन मोठा भाग व्यापतो. पिकलबॉलचा कडक प्लास्टिकचा चेंडू तसा दबत नाही, म्हणून चेंडूची कड वरून रेषेवर आल्यासारखी दिसली तरी त्याचा जमिनीशी झालेला प्रत्यक्ष स्पर्श रेषेबाहेर असेल तर तो बाहेरच.

पॅडलच्या किमतीविषयी थोडक्यात सांगतो. महाग कार्बनच्या पॅडलने खेळ सुधारतो हा दुकानदारीचा प्रचार आहे. साधारण सव्वादोनशे ग्रॅम वजनाचे, मुठीत नीट बसणारे पॅडल आरंभी पुरे. मूठ लहान असली की हात ती घट्ट आवळतो आणि कोपराचे दुखणे मागे लागते.

हा म्हातारपणाचा, अंगमेहनत नसलेला खेळ आहे, या समजुतीचे मात्र सविस्तर निराकरण केले पाहिजे, कारण तिच्यातून इजा होतात. ज्येष्ठांना तो झेपतो हे खरे. पण 2007 मध्ये जन्मलेली ॲना ली वॉटर्स वयाच्या बाराव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू झाली आणि पुढे जगात अग्रस्थानी पोहोचली, हेही तितकेच खरे. कोर्ट लहान असले म्हणजे श्रम लहान होत नाहीत. थांबणे, वळणे, खाली वाकणे यांची संख्या वाढते. हौशी खेळाडूंची सर्वांत धोक्याची सवय म्हणजे डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी तोंड पुढे ठेवून उलट पावली धावणे: टाच अडखळते, माणूस पाठीवर पडतो, आणि सावरण्यासाठी मागे टेकलेल्या हाताचे मनगट मोडते. अशा वेळी अंग वळवून, चेंडूकडे कड करून धावावे. चेंडू हातचा गेला असेल तर जाऊ द्यावा. सकाळी फिरायला जाण्याचे जाड तळव्याचे बूटही कोर्टावर नकोत, कारण ते सरळ चालीसाठी बनविलेले असतात आणि बाजूला झेप घेताना घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे बूट उत्तम. चेंडू हलका असला तरी किचनच्या रेषेवर समोरासमोर उभ्या असलेल्या चौघांत तो डोळ्यावर बसला तर कायमची इजा करू शकतो, म्हणून पॉलिकार्बोनेटचा चष्मा वापरण्यात कसलाही कमीपणा नाही.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा विचार तर कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडणार नाही. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळिसावर जातो, आणि सिमेंटचे कोर्ट दिवसभर शोषलेली उष्णता सूर्यास्तानंतरही बराच वेळ बाहेर टाकीत असते. ‘ऊन उतरले, आता खेळू’ हा हिशेब त्यामुळे फसवा ठरतो. त्या दिवसांत पहाटे खेळून आठच्या आत घरी परतावे. घाम गेला की नुसते पाणी पुरेसे आहे, हाही गैरसमजच: दीर्घ खेळात क्षारही जातात, म्हणून लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट घ्यावे, मधुमेह किंवा रक्तदाबाचे औषध चालू असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच. डोके दुखू लागणे, मळमळणे, भोवळ येणे ही थांबण्याची खूण आहे. आणि खेळाडू असंबद्ध बोलू लागला तर त्याचे अंग ओले करीत, वारा घालीत, तातडीने रुग्णालय गाठावे. उन्हात चेंडूही मऊ पडतो आणि डिसेंबरच्या थंड सकाळी तोच कडक होऊन तडकतो. चेंडू खराब निघाला, ही तक्रार पुष्कळदा हवामानाची असते.

आता जागेचा प्रश्न. स्वतंत्र कोर्ट बांधल्याशिवाय हा खेळ सुरूच होऊ शकत नाही, असे समजून कितीतरी हौशी मंडळी वर्गणीच्या आकड्याशीच अडखळतात. परंतु 1965 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी मुलांच्या करमणुकीसाठी हा खेळ प्रथम मांडला, तो घरच्या जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच, बॅडमिंटनचे सामान पुरते न सापडल्यामुळे. पुढे बार्नी मॅक्कॅलम त्यांना येऊन मिळाले. म्हणूनच पिकलबॉलचे कोर्ट आजही वीस फूट रुंद आणि चव्वेचाळीस फूट लांब, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच आहे. भारतात तो आला तोही मराठी माणसाच्या हातून: मुंबईच्या सुनील वालावलकरांनी 1999 मध्ये तो कॅनडात पाहिला, येथे रुजविला आणि 2008 मध्ये अखिल भारतीय संघटना उभी केली. ज्या सांगलीकर नंदू नाटेकरांनी 1956 मध्ये मलायात जाऊन बॅडमिंटनचे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविले, त्यांचे पुत्र टेनिसपटू गौरव नाटेकर 2025 च्या आरंभी मुंबईत भरलेल्या वर्ल्ड पिकलबॉल लीगच्या संस्थापकांपैकी आहेत. दोन्ही खेळांचे हे जुने नाते आपल्या उपयोगाचे आहे.

जेथे बॅडमिंटनचा हॉल आहे, तेथे फक्त दोन गोष्टी बदलाव्या लागतात. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचनची रेषा सात फुटांवर. तेव्हा अर्ध्या फुटाने मागे, सहज निघणाऱ्या रंगीत चिकटपट्टीने नवी रेषा आखावी, मधली रेषा आहे तीच चालते. जाळीचे मात्र तसे नाही. बॅडमिंटनची जाळी मध्यभागी पाच फूट उंच, तर ही मध्यभागी चौतीस आणि कडेला छत्तीस इंच. जुनीच जाळी खाली उतरविली तर तिची स्वतःची खोली तीस इंचच असल्यामुळे खाली चार इंचांची फट राहते, आणि तीन इंचांहून किंचित कमी व्यासाचा चेंडू त्या फटीतून आरपार जातो. चाकांची सुटी जाळी घेणे हाच त्यावर उपाय.

उघड्यावर कोर्ट बांधणाऱ्यांनी आपल्या काळ्या जमिनीकडे आधी पाहावे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर सरळ काँक्रीट ओतले तर दोन-तीन पावसाळ्यांतच भेगा वर येतात, आणि भेगेवर पडलेला चेंडू कोठे जाईल याचा नेम राहत नाही. काळी माती उकरून काढावी, मुरूम भरून, पाणी मारून रोलरने दाबावा, त्यावर दगडाची सोलिंग आणि मग काँक्रीट; पाणी निघून जाण्यापुरता शेकडा एक उतार एकाच बाजूला ठेवावा, आणि कोर्टाची लांबी दक्षिणोत्तर धरावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा सूर्य कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही. भोवतालच्या मोकळ्या जागेसह निदान तीस फूट बाय साठ फूट भूखंड लागतो.

तेवढे करण्याची ऐपत सर्वांची नसते, आणि गरजही नाही. औसा, उदगीर, देगलूर, कंधार, कोठेही असो, ज्या तालुका क्रीडा संकुलात बॅडमिंटनचा हॉल असेल, तेथील समितीकडे दहा-पंधरा खेळाडूंच्या सह्यांचा रीतसर अर्ज द्यावा: आठवड्यातून दोन सकाळी एक कोर्ट, एक सुटी जाळी ठेवण्यास कोपरा, आणि चिकटपट्टीची रेषा आखण्याची परवानगी.