रंगलेखण्या : मांडणी आणि जपणूक

चित्रकलेची आवड असलेले मूल ज्या घरात आहे, त्या घरातील मेजाचा खण एकदा उघडून पाहावा. जुन्या बिस्किटांच्या डब्यात स्केचपेने, मार्कर, जेलपेने आणि एखाददुसरा ब्रशपेन एकत्र कोंबलेला असतो. काहींची टोपणे हरवलेली असतात, काहींची अदलाबदल झालेली असते. मूल एक पेन उचलते, कागदावर घासते. रंग उमटत नाही. दुसरे उचलते, त्याचेही तेच. अभ्यासातून मिळालेल्या तासाभराच्या सवडीतील पाव तास अशा शोधातच संपतो. अखेरीस जे एक पेन चालते, त्यानेच आकाशही रंगवले जाते आणि झाडही. नाही तर कागद गुंडाळून मूल उठून जाते. पैसा वाया गेला हे वडीलधाऱ्यांच्या ध्यानात येते. मुलाची उमेद वाया गेली, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

याचा सारा दोष मुलाच्या निष्काळजीपणावर टाकणे न्याय्य नाही. पुष्कळ वेळा घरातील कोणालाच या लेखण्यांची अंतर्रचना ठाऊक नसते. बोरू आणि दौत यांच्या काळात गोष्ट सोपी होती. शाई दौतीत असे आणि लेखणी कलमदानात. शाई आटली तर पाणी घालावे, बोरू बोथटला तर चाकूने तासावा, एवढ्यावर भागत असे. मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी सुरू केलेला आणि पुढे कॅम्लिन या नावाने घरोघरी पोहोचलेला उद्योगही आरंभी शाईचाच होता. पुढे शाई लेखणीच्या पोटातच भरली जाऊ लागली. जपानमधील युकिओ होरिए यांनी १९६२ मध्ये तंतूंच्या टोकाचे पेन तयार केले. आजचे स्केचपेन त्याच कुळातले.

अशा पेनाच्या नळीत तंतूंची एक वात असते. ती शाईने भिजलेली असते आणि पुढच्या टोकाला टेकलेली असते. समईतील वात जशी तेल वर ओढते, तशीच ही वात केशाकर्षणाने शाई टोकापर्यंत पोहोचवते. टोकाशी हवा लागली की शाईतील पाणी किंवा स्पिरिट उडून जाते आणि रंग तेथेच घट्ट होऊन वाट बुजते. म्हणजे पेन निकामी होते ते बहुधा शाई संपल्यामुळे नव्हे, तर टोक सुकल्यामुळे. जपणुकीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

पहिला नियम टोपणाचा. टोपण ‘टच्’ असा आवाज होईपर्यंत दाबून बसवावे. चित्र काढताना ते मेजावर न ठेवता पेनाच्या मागील टोकास खोचावे, म्हणजे हरवत नाही आणि बदलतही नाही. टोपणाच्या शेंड्यास पुष्कळदा छिद्र असते. ते पाहून काही जण मेण लावून बुजवतात. तसे करू नये. टोपण चुकून मुलाच्या घशात अडकलेच, तर श्वासाला वाट राहावी म्हणून ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. शाईचे रक्षण टोपणाच्या आतील घट्ट कडे करते, शेंडा करीत नाही.

दुसरा नियम ठेवण्याच्या रीतीचा. पेलाभर पेने टोके वर करून उभी ठेवण्याची पद्धत शोभिवंत दिसते. परंतु अशा स्थितीत शाई हळूहळू खाली उतरते आणि टोक उपाशी राहते. टोके खाली केली तर साध्या स्केचपेनांचे भागते. मात्र दोन्ही बाजूंनी लिहिणाऱ्या मार्करचे एक टोक तुडुंब भरते व दुसरे कोरडे पडते. यास्तव मार्कर, ब्रशपेने आणि बारीक रेषेची रेखापेने आडवी ठेवणे सर्वांत उत्तम. जेलपेन आडवे किंवा टोक खाली करून ठेवावे. टोक वर राहिल्यास गोळी आणि शाई यांच्यामध्ये हवा शिरून रेषा तुटते. ज्या मार्करमध्ये रंगाचा दाट लेप असतो, त्यातील रंगकण तळाशी बसतात. तो आडवा ठेवावा आणि वापरण्यापूर्वी टोपण लावूनच हलवावा. शाई भरलेल्या झरणीची गोष्ट मात्र उलट आहे. ती निब वर करून ठेवावी, आणि महिनोन्‌महिने वापरायची नसेल तर रिकामी करून धुऊन ठेवावी. लाखयुक्त काळी चित्रशाई झरणीत कधीही भरू नये. ती आत वाळली की पाण्याने निघत नाही. ती शाई टाकासाठीच राखावी आणि काम होताच टाकाची निब पुसून कोरडी करावी.

तिसरा प्रश्न जागेचा. आणि त्याचे उत्तर गावागणिक बदलते. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथे खिडकीच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या मोटारीत राहिलेले मार्कर पाझरतात, आणि टोपण किंचित सैल असले तरी लवकर सुकतात. इंदूर, हैदराबाद व बडोदे येथील उन्हाळ्यातही हीच दक्षता हवी. अशा ठिकाणी आतल्या भिंतीकडील फडताळाचा खालचा कप्पा बरा. गोव्यात आणि बेळगावच्या पावसात शत्रू निराळा असतो. तेथे निबांना गंज चढतो व कागदाला बुरशी येते. म्हणून बाहेरच्या ओलसर भिंतीला लागून डबा ठेवू नये आणि निबा घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवाव्यात. स्पिरिटाच्या शाईचे मार्कर चुलीपासून, देवघरातील दिव्यापासून आणि मेणबत्तीपासून दूर असावेत, कारण ती शाई ज्वालाग्राही असते. ज्यांचा वास उग्र असतो, ते खिडकी उघडी ठेवूनच वापरावेत व लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत.

आता मांडणी. पुष्कळ घरांत रंगांप्रमाणे वाटणी करतात. परंतु प्रथम शाईच्या जातीप्रमाणे करावी. पाण्याच्या शाईची एकीकडे, स्पिरिटाच्या शाईची दुसरीकडे, रेखापेने तिसरीकडे. मग प्रत्येक गटात रंगांचा क्रम लावावा. साधे स्केचपेन सुमारे १ सेंटिमीटर जाड व १५ सेंटिमीटर लांब असते. तेव्हा २५ सेंटिमीटर रुंदीच्या उथळ पेटीत २४ पेने एका थरात आडवी मावतात. मिठाईचे पुठ्ठ्याचे खोके मधोमध पट्टी चिकटवून वापरले तरी काम भागते. दुकानातील महाग पेटी हवीच असे नाही. थर मात्र दोनांपेक्षा अधिक करू नयेत. खालचे पेन दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते वापरले जात नाही.

पेटीच्या झाकणाच्या आतून रंगांची एक पट्टी चिकटवावी. टोपणाचा रंग आणि कागदावर उमटणारा रंग यांत पुष्कळदा अंतर असते. म्हणून नेहमीच्या कागदावर प्रत्येक पेनाने एक चौकोन रंगवून खाली त्याचा क्रमांक लिहावा. अशीच दुसरी पट्टी करून तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा आणि ती महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवावी. पुठ्ठा काढल्यावर कोणते रंग विटले आणि कोणते टिकले, ते मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या शाया बहुधा लवकर विटतात. रंगकणांच्या शाया अधिक टिकतात. गणपतीची आरास किंवा नाताळचा तारा आठ-पंधरा दिवसांचा असतो, त्यास कोणतीही शाई चालेल. भिंतीवर लावावयाचे चित्र किंवा प्रशस्तिपत्रावरील नाव मात्र टिकाऊ शाईनेच लिहावे. वर्षभरात पुसट झालेले नाव पाहून ज्याचे ते नाव आहे, त्याला वाईट वाटतेच.

सुकलेले प्रत्येक पेन फेकावयाचे नसते. पाण्याच्या शाईच्या स्केचपेनाचे टोक काही क्षण कोमट पाण्यात बुडवावे, टिपकागदाने टिपावे आणि टोपण लावून पेन रात्रभर आडवे ठेवावे. आत शाई असेल तर सकाळी रेषा उमटते. स्पिरिटाच्या मार्करला पाण्याचा उपयोग नाही. त्याचे टोक थोड्या स्पिरिटने ओलवावे, आणि हे काम मोठ्या माणसाने करावे. रंगकणांच्या शाईचे रेखापेन एकदा सुकले की बहुधा परत येत नाही, म्हणून त्याच्या टोपणाची काळजी सर्वांत अधिक घ्यावी. टोक चेपून फाकले असेल तर दोष शाईचा नसून हाताच्या दाबाचा असतो. असे पेन टाकून न देता झाडाच्या सालीसारखी खरखरीत छटा काढण्यासाठी वेगळे ठेवावे.

महिन्यातून एकदा, एखाद्या रविवारी, सर्व पेने कागदावर ओढून पाहावीत. चालणारी पेटीत, ओलवून पाहण्याजोगी वेगळ्या डबीत, खरोखर संपलेली बाहेर. हे काम वडीलधाऱ्यांनी परस्पर उरकू नये. मुलाला बरोबर घेऊन करावे. आपली हत्यारे स्वच्छ आणि जागच्या जागी ठेवण्याची सवय सुताराच्या मुलाला घरातच लागते, ती त्याला कोणी भाषण देऊन शिकवीत नाही. चित्र काढणाऱ्या मुलाचीही ही हत्यारेच आहेत. पेटी उघडताच हवा तो रंग हाती आला आणि पहिल्याच रेघेला उमटला, तर सवडीचा सारा तास चित्राला मिळतो.