‘पत’ या शब्दाचा हिशेब

बाजारात रोज कानांवर पडणाऱ्या शब्दांच्या पोटात काय दडले आहे, हे आपण सहसा पाहत नाही. ‘पत’ हा असाच एक शब्द आहे. पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा, पतधोरण ही सारी त्याचीच पिलावळ. अर्थशास्त्राच्या परिभाषेत पत म्हणजे आज माल किंवा पैसा घेऊन त्याचे मोल पुढे चुकते करण्याची माणसाची क्षमता आणि त्या क्षमतेविषयी देणाऱ्याला वाटणारा विश्वास. इंग्रजीतला ‘क्रेडिट’ हा शब्दही ‘विश्वास ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. पण गावात ‘त्याला पत आहे’ असे म्हणतात तेव्हा त्यात पैशाबरोबर प्रतिष्ठाही येते. आणि जिथे प्रतिष्ठा जन्मावर ठरत आली, तिथे पत कशावर ठरली असेल?

मी माण तालुक्यातला. दुष्काळ हा आमचा कायमचा पाहुणा. आई दुसऱ्यांच्या रानात रोजगाराला जाई आणि चहापूड, गूळ, गोडेतेल दुकानातून उधारीवर आणी. दुकानदाराच्या वहीत बागाइतदाराचे खाते सुगीपर्यंत चाले. आमचे खाते पुढच्या बाजारापर्यंत. उधारीच्या मालाला आम्हांला चार पैसे चढा भाव पडे. एका उन्हाळ्यात काम मिळाले नाही, आईचा एक बाजार चुकला, आणि आमची उधारी बंद झाली. त्याच वर्षी मागली बाकी थकलेल्या एका घरी लग्नासाठी साखरेचे पोते विनातक्रार गेले. परतफेडीवर पत ठरत असती तर हे उलट घडले असते. तेव्हा मला कळले नाही, पण दुकानदार माणसाकडे पाहत नव्हता. तो माणसाच्या मागे असलेल्या जमिनीकडे पाहत होता.

यालाच व्यवहारात ‘तारण’ म्हणतात. तारणावर दिलेले कर्ज म्हणजे वस्तुतः विश्वास नव्हे, अविश्वासाची तजवीज होय. कर्ज बुडाले तर जमीन, दागिना, घर हाती राहावे, एवढाच त्याचा अर्थ. माणसाच्या शब्दावर दिलेले ते खरे पतीचे कर्ज. पण आपल्याकडे तारणालाच पत म्हणण्याची रूढी पडली, आणि ज्याच्याकडे तारण नाही तो ‘बेपत’ ठरला.

आता तारण नाही कोणाकडे, आणि का नाही? माझे आजोबा तराळकी करीत. शेतसाऱ्याच्या वसुलाची थैली दहिवडीच्या कचेरीत पोचविणे हेही तराळाचे काम. साऱ्या गावाचा पैसा ज्याच्या डोक्यावर देऊन गाव निर्धास्त झोपे, त्याला स्वतःसाठी पायलीभर ज्वारी मागायची तर सवाई-दिढी कबूल करावी लागे. म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणाविषयी कोणालाच शंका नव्हती. विश्वास होता, पत नव्हती! वतनाची जमीन होती, पण ती चाकरीच्या दाव्याला बांधलेली. हा दावा तोडावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा झाला तो 1958 साली. त्यातही साऱ्याच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरून मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नव्हती. ही अट जमीन हातची जाऊ नये म्हणून होती, हे मान्य केले पाहिजे. पण बाजाराच्या तराजूत तिचे वजन त्यामुळे कमीच भरले.

बेपत ठरण्याची किंमत किती असते? सावकार ‘शेकडा दहा’ म्हणतो तेव्हा तो दरमहाचा दर असतो, बँक ‘द.सा.द.शे. बारा’ म्हणते तेव्हा तो वर्षाचा. हजार रुपयांवर बँकेचे वर्षाचे व्याज 120 रुपये, सावकाराचे 1200. भाजीवाली सकाळी नऊशे घेऊन संध्याकाळी हजार देते, तेव्हा ती एका दिवसाला शेकडा अकरांहून अधिक मोजते. आणि तरीही ती देते! जी बाई हा दर पेलून धंदा चालविते तिला परतफेडीची क्षमता नाही, असे कोणत्या शास्त्राच्या आधारे म्हणायचे?

याचे उत्तर म्हसवडच्या बायांनी दिले. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःची बँक काढायचे ठरविले. सभासद निरक्षर, कागदावर अंगठे. म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बाया खचल्या नाहीत. त्या लिहाय-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. कोणत्याही मुद्दलाचे व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमचे अधिकारी यंत्राशिवाय काढतात का पाहा, असे आव्हान त्यांनी दिले. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. एका बँकेने माणचे दारिद्र्य फिटले असे मी म्हणत नाही. पण अक्षर न येणे म्हणजे हिशेब न येणे नव्हे, हे तिने सिद्ध केले.

आज दुकानदाराच्या वहीची जागा पत-गुणांकाने घेतली आहे. 2000 साली ‘सिबिल’ ही संस्था स्थापन झाली. आता तीनशे ते नऊशेच्या दरम्यानचा एक आकडा माणसाची पत सांगतो. हा आकडा जात विचारत नाही, हे खरे. पण तो बँका व वित्तसंस्था यांच्याकडील कर्जाच्या नोंदींवरून निघतो. ज्याने असे कर्ज कधी घेतलेच नाही त्याला गुणांकच नसतो. माझ्या आईने वर्षानुवर्षे दर बाजाराला फेडलेली उधारी या यंत्राला दिसणार नाही. ज्यांना कर्ज नाकारले गेले त्यांची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून पुन्हा नकार, असे हे चक्र आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. वस्तीत गेल्यावर उधारीची वही मागून पाहा. दरमहाच्या दराला बाराने गुणून तो बायांसमोर मोठ्याने सांगा. शिक्षकांनी हे गणित वर्गात घालावे. बँकेत कोणी ‘तुमची पत काय?’ असे विचारले, तर पत म्हणजे तारण की परतफेड, हे आधी विचारून घ्या. परतफेड असेल, तर आमच्या आयाबायांचा हिशेब मांडायला आपल्याजवळ पुष्कळ आहे. तो आजवर कोणी लिहून घेतला नाही, एवढेच.