पडद्यावरची पट्टी जागा सोडते तेव्हा

शाळेच्या संगणककक्षात असा प्रसंग तुम्ही पाहिला असेल. संगणक सुरू केला, पडदा उजळला. पण रोज तळाशी दिसणारी पट्टी आज तळाशी नाही. ती उजव्या कडेला उभी राहिली आहे, किंवा फुगून चार बोटे रुंद झाली आहे, किंवा मुळीच दिसत नाही. शेजारचा मित्र म्हणतो, ‘व्हायरस आला!’ दुसरा म्हणतो, ‘संगणक बिघडला!’ मग दुरुस्ती करणाऱ्याला बोलावणे जाते. त्याला घाई असेल, तर तो स्वतःला सोपा असा मार्ग धरतो. डिस्क पुसून सगळी प्रणाली तो नव्याने भरतो. पट्टी जागेवर येते खरी, पण त्या डिस्कवर ठेवलेले तुमचे वर्षभराचे प्रकल्प, निबंध आणि चित्रे यांचाही मागमूस उरत नाही.

पायात काटा रुतला म्हणून कोणी पाय कापत नाही. पट्टीच्या बाबतीत मात्र तसे घडते, कारण काटा नेमका कोठे रुतला आहे हे पाहण्याची तसदी घेतली जात नाही. हा काटा किती लहान असतो आणि तो कसा शोधावा, हे आज आपण पाहू या. उदाहरणासाठी पुष्कळ शाळांच्या ओळखीची विंडोज १० ही प्रणाली घेऊ. तिला निर्मात्यांकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तरी आपल्याला जे तत्त्व समजून घ्यायचे आहे ते नव्या-जुन्या सर्व प्रणालींना लागू पडते.

पट्टी आली कोठून?

या पट्टीला टास्कबार म्हणतात. सुरू असलेल्या कामांची ती यादी होय. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये ती नव्हती. एखादी खिडकी लहान केली की तिचे एक छोटे चित्र पडद्याच्या तळाशी जाऊन बसे, आणि त्यावर दुसरी मोठी खिडकी उघडली की ते चित्र झाकले जाई. नवशिक्या माणसांवर चाचण्या घेतल्या तेव्हा असे आढळले, की डोळ्यांआड झालेली खिडकी नाहीशीच झाली अशी त्यांची समजूत होते. यावर उपाय म्हणून २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ मध्ये सदैव समोर राहणारी पट्टी देण्यात आली. खिडकी झाकली गेली तरी तिचे नाव पट्टीवर राहते. त्यावर टिचकी मारली की खिडकी हजर!

ही पट्टी माऊसने ओढून पडद्याच्या चारांपैकी कोणत्याही कडेला नेता येत असे, आणि तिची जाडीही बदलता येत असे. सोय चांगली, पण सोयीबरोबर घोटाळाही आला. पट्टीच्या मोकळ्या भागावर माऊसचे बटण दाबले गेले आणि हात सरकला, की पट्टी दुसऱ्या कडेला जाऊन बसते. म्हणून २००१ सालच्या विंडोज एक्स्पीमध्ये पट्टीला कुलूप घालण्याची सोय झाली. हे कुलूप उघडे राहिले, तर विंडोज १० मध्येही पट्टी अशीच सरकते. पुढे २०२१ साली विंडोज ११ आली, तेव्हा तिच्यात पट्टी ओढून दुसऱ्या कडेला नेण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

पडद्याचा नकाशा

आता एका कागदावर आयत काढा. समजा, हा तुमचा पडदा आहे. त्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ बिंदू आहेत. म्हणजे एकूण बिंदू झाले १० लाख ४९ हजार ८८. गणिताच्या आलेखात आपण आरंभबिंदूपासून वर मोजतो. संगणक मात्र डाव्या वरच्या कोपऱ्याला शून्य मानून खाली मोजत येतो. सर्वांत वरची ओळ ० क्रमांकाची आणि सर्वांत खालची ७६७ क्रमांकाची.

विंडोज १० मधील पट्टीची नेहमीची उंची ४० बिंदू असते. ती तळाशी असली की ७२८ ते ७६७ या ओळी तिच्याकडे जातात, आणि इतर खिडक्यांसाठी वरच्या ७२८ ओळी उरतात. या उरलेल्या आयताला कार्यक्षेत्र म्हणू. खिडकी पूर्ण मोठी केली की ती साऱ्या पडद्यावर न पसरता या कार्यक्षेत्रावरच पसरते. पट्टी हलली की कार्यक्षेत्रही बदलते. पट्टी वरच्या कडेला गेली, तर पहिल्या ४० ओळी तिच्या होतात. अशा वेळी ‘शून्यापासून सारी जागा मोकळीच आहे’ असे धरून चालणाऱ्या एखाद्या जुन्या आज्ञावलीच्या खिडकीचे डोके पट्टीखाली दडते. येथे खिडकी बिघडलेली नसते, पट्टीही बिघडलेली नसते. एकाचा हिशेब दुसऱ्याशी जुळत नाही, एवढेच.

पट्टी कोण आखते?

पट्टी पडद्यावर कायमची कोरलेली नाही. एक्सप्लोरर नावाची एक आज्ञावली ती सतत आखत असते. संगणक सुरू झाला की एक्सप्लोरर आपली टिपणवही उघडून पाहते आणि तीत लिहिल्याप्रमाणे पट्टी मांडते. रजिस्ट्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या नोंदवहीचा हा एक भाग असून विंडोज १० मध्ये या नोंदीचे नाव स्टकरेक्ट्स३ असे आहे.

या नोंदीत अनेक बाइट ओळीने लिहिलेले असतात. त्यांतील तेरावा बाइट पट्टीची कड सांगतो. तेथे ० असेल तर डावी कड, १ असेल तर वरची, २ असेल तर उजवी आणि ३ असेल तर खालची. द्विमान पद्धतीत हेच अंक ००, ०१, १० आणि ११ असे लिहितात. कडा चार आणि दोन बिटांच्या जोड्याही चारच! म्हणजे पट्टी कोठे उभी राहणार हे सांगायला अवघे दोन बिट पुरतात. नवव्या बाइटचा शेवटचा बिट आणखी एक गोष्ट सांगतो. तो ० असेल तर पट्टी सतत दिसते, १ असेल तर काम नसताना ती आपोआप लपते.

दहा लाखांहून अधिक बिंदूंच्या पडद्यावर उडालेल्या गोंधळाचे मूळ असे एक-दोन बिटांत असू शकते. त्यासाठी डिस्कवरील अब्जावधी बिट पुसून टाकणे कितपत शहाणपणाचे, ते तुम्हीच ठरवा.

पट्टी जागेवर नसताना पुष्कळजण संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात आणि पट्टी तेथेच पाहून घाबरतात, याचेही उत्तर येथे मिळते. एक्सप्लोरर पुन्हा तीच वही उघडते, तोच अंक वाचते आणि आज्ञाधारकपणे पट्टी तेथेच मांडते. सकाळच्या वर्गातील एखाद्याने सरकवलेली पट्टी दुपारच्या वर्गाला तशीच मिळते, त्याचे कारणही हेच.

दोष शोधण्याची रीत

वैद्य आधी रोग्याची नाडी पाहतो, मग औषध देतो. आपणही तसेच करू. दोन नियम मात्र पाळायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते वहीत लिहायचे; आणि जी कृती सहज मागे घेता येते ती आधी करायची.

पहिली पायरी : कळफलकावरील विंडोजची खूण असलेली कळ दाबा. नाहीशी झालेली पट्टी चटकन दिसू लागली, तर ती हरवलेली नव्हती, लपलेली होती. एखादी आज्ञावली सगळा पडदा व्यापून बसली असेल. ब्राउझर असेल तर एफ११ ही कळ दाबून तो मूळ आकारावर आणा. तसे नसेल, तर आपोआप लपण्याचा बिट १ झाला आहे असे समजा.

दुसरी पायरी : कळ दाबूनही पट्टी दिसत नसेल, तर दोष संगणकात आहे की दर्शकात, हे ठरवा. त्यासाठी एक सुंदर चाचणी आहे. प्रिंट स्क्रीन ही कळ दाबून पडद्याचे चित्र घ्या, ते पेंटमध्ये चिकटवा आणि खाली सरकवून पूर्ण पाहा. हे चित्र संगणकाच्या स्मृतीतून येते, दर्शकाच्या काचेवरून नव्हे. चित्रात पट्टी आहे आणि काचेवर नाही, तर संगणकाने आपले काम चोख केले आहे. कडा कापल्या जात आहेत त्या दर्शकात. दूरदर्शन संच जोडला असेल तर असे घडते, कारण काही संच चित्र किंचित मोठे करून त्याच्या कडा चौकटीबाहेर ढकलतात. अशा वेळी संचाच्या चित्र-आकाराच्या सेटिंगमध्ये दुरुस्ती करावी. चित्रातही पट्टी नसेल, तर पुढे चला.

तिसरी पायरी : पट्टी जाड झाली असेल तर पडद्यावरील इतर अक्षरांकडे पाहा. तीही मोठी झाली असतील तर सगळ्या पडद्याचे प्रमाणच वाढवलेले आहे. १२५ टक्के प्रमाण ठेवले की ४० बिंदूंची पट्टी ५० बिंदूंची होते. इतर अक्षरे जशीच्या तशी असून केवळ पट्टी फुगली असेल, तर कोणीतरी तिची कड ओढली आहे. ती उलट ओढली की झाले.

चौथी पायरी : पट्टी दिसते, पण भलत्या कडेला आहे. तिच्या मोकळ्या भागावर माऊसचे उजवे बटण दाबा आणि टास्कबार सेटिंग्ज उघडा. तेथे पट्टीची कड निवडता येते, लपण्याची सोय बंद करता येते आणि कुलूपही घालता येते. तुम्ही तेथे कड बदलता, तेव्हा वहीतला अंकच बदलत असता. फक्त तो सुरक्षित मार्गाने. बहुतेक तक्रारी या पायरीवर मिटतात.

पाचवी पायरी : पट्टी जागेवर आहे पण गोठली आहे, टिचकीला दाद देत नाही; किंवा ती साफ नाहीशी झाली असून काचेवर आणि चित्रात दोन्हीकडे नाही. येथे वहीपेक्षा वही वाचणाऱ्या एक्सप्लोररचा संशय घ्यावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात विंडोज एक्सप्लोरर निवडून रिस्टार्ट म्हणा. पडदा क्षणभर ओका होईल, घाबरू नका. तुमचा निबंध ज्या आज्ञावलीत उघडा आहे ती वेगळी असल्यामुळे चालूच राहते. मात्र फायलींची नक्कल चालू असेल तर ती आधी पूर्ण होऊ द्या, कारण ते काम एक्सप्लोररच करत असते.

सहावी पायरी : अजूनही दोष कायम असेल, तर शिक्षकांना सांगून त्याच संगणकावर दुसऱ्या नावाच्या खात्याने प्रवेश करा. प्रत्येक खात्याची टिपणवही वेगळी असते. दुसऱ्या खात्यात पट्टी ठीक असेल, तर यंत्र आणि प्रणाली निर्दोष आहेत. दोष पहिल्या खात्याच्या वहीत आहे. प्रयोगशाळेत एका परीक्षानळीत रसायन टाकून दुसरी तशीच ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. रजिस्ट्रीत प्रत्यक्ष हात घालण्याची वेळ आलीच, तर ती येथे. आणि तेही जाणकाराने, नोंदीची एक प्रत आधी जपून ठेवून.

या जिन्यावर डिस्क पुसण्याची पायरी नाही, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. ज्या कृतीनंतर मागे फिरता येत नाही, ती दोष ठाऊक नसताना करावयाची नसते.

लिनक्स वापरणाऱ्या शाळांतही हीच रीत उपयोगी पडते. तेथे पट्टीला पॅनेल म्हणतात. तीही एक स्वतंत्र आज्ञावली आखते आणि तिची टिपणेही प्रत्येकाच्या खात्यात निराळी असतात. नावे बदलतात, प्रश्न तेच राहतात: दोष दाखवणाऱ्यात आहे, आखणाऱ्यात आहे, की टिपणात?

करून पाहा

शिक्षकांची परवानगी घेऊन विंडोज १० असलेल्या एका संगणकावर पट्टीचे कुलूप काढा. पट्टी एकेका कडेला न्या आणि प्रत्येक वेळी एक खिडकी पूर्ण मोठी करा. ती कोठून कोठवर पसरेल याचा अंदाज आधी कागदावरील आयतात रेखाटा, मग पडद्याशी ताडून पाहा. पट्टी एका कडेला ठेवून संगणक बंद करा, पुन्हा सुरू करा. ती कोठे दिसेल आणि का, हे सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवा. शेवटी पट्टी मूळ जागी आणून कुलूप घालायला विसरू नका.

शिक्षकांनाही एक सूचना करावीशी वाटते. वरील सहा पायऱ्या जाड कागदावर लिहून संगणककक्षाच्या भिंतीवर लावाव्यात आणि त्याखाली एक वही टांगावी. काय दिसले, कोणत्या पायरीवर दोष सापडला आणि कशाने गेला, हे मुलांनी तीत तारखेसह लिहावे. पुढच्या वेळी पट्टीने जागा सोडली, तर दुरुस्ती करणाऱ्याला निरोप धाडण्यापूर्वी ही वही उघडावी.