गुलाबी सायलीनीची ओळख

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर वसंत ऋतूत वाळूत व पडीक शेतांत एक लहान, गुलाबी फुलांची ओषधी विपुल उगवते. तिचे शास्त्रीय नाव सायलीनी कोलोराटा. अल्जीरियाचा प्रवास करून आलेले फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्वारे यांनी १७८९ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. कार्नेशन ज्या कॅरिओफायलेसी कुलातील आहे, त्याच कुलातील ही वनस्पती होय. सायलीनी प्रजातीत शेकडो जाती असून त्यांपैकी अनेक जातींची फुले गुलाबी असतात. म्हणून केवळ रंगावरून नाव ठरवू नये.

प्रथम प्रजाती निश्चित करावी. सायलीनीची पाच संदले जुळून संवर्ताची नळी बनते. पाकळ्या पाच, केसरदले दहा आणि किंजले बहुधा तीन असतात. याच कुलातील सॅपोनेरियाला किंजले दोनच असतात. त्यामुळे ती सहज वेगळी काढता येते.

यानंतर जातीकडे वळावे. कोलोराटाची प्रत्येक पाकळी टोकाशी खोलवर दुभंगलेली असते. संवर्त सुमारे एक ते दीड सेंटिमीटर लांब असून त्यावर दहा शिरा दिसतात. इंग्रजीत या गटास ‘कॅचफ्लाय’, म्हणजे माशी धरणारी, असे म्हणतात. कारण अनेक जातींच्या चिकट केसांत लहान कीटक अडकतात. मात्र या वनस्पती कीटकभक्षक नव्हेत. कोलोराटाचे केस सामान्यतः चिकट नसतात. याउलट सायलीनी गॅलिका चिकट असते, तिची फुले बरीच लहान असतात आणि पाकळ्या अखंड किंवा किंचित खाचदार असतात. सायलीनी पेंड्यूला हिचा संवर्त फळाच्या वेळी फुगून खाली झुकतो.

खरा निर्णय मात्र बीजावरून होतो. कोलोराटाच्या बारीक बीजाच्या पाठीवर खोबण असून तिच्या दोन्ही बाजूंस नागमोडी पंख असतात. भिंगातून ते स्पष्ट दिसतात. असे बीज थोड्याच जातींना असते. त्यांपैकी सायलीनी अपेटाला हिच्या पाकळ्या अगदी लहान असतात किंवा मुळीच नसतात.

फुले वाळली की रंग फिका पडतो. बीजाचे पंख मात्र टिकतात. म्हणून संग्रहासाठी नमुना घेताना फुलाबरोबर पक्व बोंडही घ्यावे, आणि स्थळ व दिनांक त्याच वेळी लिहून ठेवावा. बोंडाविना ठेवलेल्या नमुन्याचे नाव पुढे खात्रीने सांगणे अवघड जाते.