दिवाळे निघाले, तर नोंद कुठे राहते?

औंधच्या बाजारपेठेतला दुकानदार कर्जात बुडाला, तर नादारीचा अर्ज साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात करावा लागतो. त्यासाठीचा कायदा अजून १९२० चाच आहे. कर्ज किमान पाचशे रुपये असावे, ही अटही तेव्हाचीच. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला सामान्य माणसासाठीचा भाग अद्याप लागू झालेला नाही.

बँकेचे हप्ते थकले, की त्याची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे होते. त्या देत असलेले पतगुण ३०० ते ९०० असतात आणि थकबाकीने ते घसरतात. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत खाते मिटवले, तरी अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पूर्ण फेडीचा ‘क्लोज्ड’ त्याहून चांगला. ही माहिती किमान सात वर्षे जपली जाते.

नादार ठरलेल्या व्यक्तीला न्यायालयाकडून मुक्तता मिळेपर्यंत आमदार, खासदार किंवा कंपनीचा संचालक होता येत नाही. मात्र नादारी हा दिवाणी मामला आहे, फौजदारी गुन्हा नव्हे. धनादेश न वटल्याचा खटला वेगळा. तो फौजदारी असतो आणि नोकरीपूर्व चौकशीत समोर येऊ शकतो.

प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवा, चूक दिसली तर लेखी तक्रार करा आणि कर्ज फिटल्यावर बँकेकडून ना-देय दाखला घ्यायला विसरू नका.